दहा-वीस पावलांची वाट

रुग्णालयात वयस्कर माणसे कुठे पडतात याची नोंद जिथे जिथे नीट ठेवली गेली, तिथे एक वाट पुन्हापुन्हा पुढे आली. खाटेपासून संडासापर्यंतची. जेमतेम दहा-वीस पावलांची. कुणी खाटेवरून उतरताना पडतो, कुणी सलाईनचा स्टँड ओढत नेताना, कुणी बाथरूमच्या उंबरठ्याला अडखळून, कुणी कमोडवरून उठताना. न्यूमोनियासाठी दाखल झालेली, तापातून सावरलेली, दोन दिवसांत घरी जायचे म्हणून पिशवी भरून ठेवलेली आजी खुब्याचे हाड मोडून हाडांच्या वॉर्डात जाते आणि मूळ आजार बाजूलाच राहतो.

हे अधूनमधून घडणारे प्रकार नव्हेत. अमेरिकेतल्या रुग्णालयांत दर वर्षी सात ते दहा लाख रुग्ण पडतात, असा तिथल्या सरकारी यंत्रणेचा अंदाज आहे. इंग्लंडमध्ये हा आकडा अडीच लाखांच्या घरात जातो. पडणाऱ्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला इजा होते. त्यातली बरीचशी खरचटण्यावर निभावते, पण खुब्याचे हाड मोडले की गोष्ट वेगळी होते: अशा वृद्धांपैकी पाचांतला एक तरी वर्षभरात दगावतो, हे अनेक देशांतल्या नोंदींतून दिसले आहे. आणि ज्याला काहीच लागले नाही तोही सुटतोच असे नाही. एकदा पडलेला माणूस चालायला घाबरतो. चालणे कमी झाले की पायांतले बळ कमी होते, आणि बळ कमी झाले की पुढचे पडणे जवळ येते.

तरीही वॉर्डात कुणी पडले की पहिले वाक्य ठरलेले असते: ‘अचानक पडले हो.’ नातेवाईक तेच म्हणतात, सिस्टर तेच म्हणतात, केसपेपरवरही तेच उतरते. या पुस्तिकेचे सारे म्हणणे या ‘अचानक’च्या विरोधात आहे. रुग्णालयातले पडणे बहुतेक वेळा आधी दिसत असते. ते कुणाच्या तरी नजरेला आलेले असते, फक्त त्या नजरेपासून पुढच्या पाळीच्या हातांपर्यंत पोहोचलेले नसते.

ही गोष्ट पहिल्यांदा नेटाने मांडली ती एका परिचर्या-संशोधक बाईंनी. जॅनिस मोर्स यांनी १९८०च्या दशकात कॅनडातल्या रुग्णालयांत पडलेल्या आणि न पडलेल्या रुग्णांची तुलना केली आणि पडण्याचे तीन प्रकार पाडले. ओल्या फरशीवरून घसरणे, कशाला तरी अडखळणे, हा झाला अपघात. पहिल्यांदाच आलेली फीट किंवा एकाएकी आलेली चक्कर, हे शरीरातले पण आधी न कळणारे कारण. आणि तिसरा प्रकार म्हणजे पाय लटपटत होते, मन थाऱ्यावर नव्हते, पूर्वी पडल्याचा इतिहास होता, म्हणजे सारे आधी ठाऊक असूनही झालेले पडणे. मोर्स यांच्या हिशेबात हा तिसरा प्रकार सुमारे ७८ टक्के निघाला. फरशी कोरडी ठेवणे आवश्यकच आहे, पण नुसत्या कोरड्या फरशीने यातला लहानसा वाटाच टळेल.

मोर्स यांनी १९८९ मध्ये सहा प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. रुग्ण याआधी पडला आहे का? एकाहून जास्त आजार आहेत का? काठी, वॉकर की भिंत-टेबल धरत चालतो? सलाईन लावलेले आहे का? चाल कशी आहे? आणि शेवटचा, फार शहाणपणाचा प्रश्न: त्याला आपल्या मर्यादेची जाणीव आहे का? प्रत्येक उत्तराला गुण, आणि बेरीज जास्तीत जास्त १२५. काठी किंवा वॉकरपेक्षा फर्निचर धरत चालणाऱ्याला जास्त गुण दिलेले आहेत. घरातल्या आजोबांना पलंगाची कड, मग खुर्चीची पाठ, मग दाराची चौकट धरत जाताना ज्याने पाहिले आहे त्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही. घरातली चौकट जागची हलत नाही. वॉर्डातले चाकांचे टेबल सरकते, आणि सलाईनचा स्टँड तर सरकण्यासाठीच बनवलेला असतो.

मोजपट्टी जगभर गेली. आज भारतातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत दाखल होताना सिस्टर हे प्रश्न विचारून फॉर्म भरतात. लंडनमध्ये डेव्हिड ऑलिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आणखी एक, पाच प्रश्नांची पट्टी बनवली. पण काही वर्षांतच एक अडचण दिसू लागली. फॉर्म भरला जाई, बेरीज लिहिली जाई, खाटेवर ‘पडण्याचा धोका’ अशी पाटी लागे, आणि काम झाले असे सगळ्यांना वाटे. धोका आहे हे कळले, पण त्यावर काय करायचे हे पाटीवर नसेच. वृद्धांच्या वॉर्डात तर जवळपास प्रत्येक खाटेवर तीच पाटी. अखेर इंग्लंडच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये सांगितले की कोण पडेल याचे भाकीत करणाऱ्या गुणपट्ट्या वापरू नका. ६५ वर्षांवरचा दाखल झालेला प्रत्येक माणूस पडू शकतो असेच धरा, आणि त्या एका माणसाच्या बाबतीत नेमके कोणते कारण दुरुस्त करता येईल ते शोधा.

यंत्रांवरही खूप विसंबून पाहिले गेले. खाटेवर एक चटई, तिच्यावरचे वजन उठले की घंटा. कल्पना आकर्षक आहे, आणि विकणारेही पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या एका शहरी रुग्णालयात रोनाल्ड शोर यांच्या गटाने हीच गोष्ट कसोशीने तपासली. १६ वॉर्ड, २७ हजारांहून अधिक रुग्ण. निम्म्या वॉर्डांत घंटांचा वापर मुद्दाम वाढवला. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घंटा खूप वाजल्या, पडणे कमी झाले नाही. कारण समजायला अवघड नाही. घंटा वाजते तेव्हा माणूस उठलेला असतो. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी शिरेत सुई घालत असते. ती हातातले सोडून धावत येईपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाते.

ऑस्ट्रेलियात याहून मोठा प्रयत्न झाला. धोक्याची पाटी, बाथरूममध्ये सोबत, चालण्याचे साधन हाताशी, संडासला नेण्याच्या ठरलेल्या वेळा, अगदी खाली उतरणारी खाट आणि घंटा, असे सहा उपाय एकत्र बांधून सहा रुग्णालयांतल्या २४ वॉर्डांत त्यांची परीक्षा घेतली. अ‍ॅना बार्कर यांच्या गटाने २०१६ मध्ये निकाल मांडला. ४६ हजारांहून अधिक दाखल-नोंदी तपासल्या होत्या, परिचारिकांनी उपाय वापरलेही होते, आणि पडण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. यातला प्रत्येक उपाय ऐकायला योग्य वाटतो. तरीही सगळे मिळून चालले नाहीत, ही बाब या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने मनावर घेतली पाहिजे.

मग काय चालते?

उत्तराचा एक मोठा भाग बॉस्टनहून आला. ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या परिचर्या-संशोधक पॅट्रिशिया डाइक्स यांनी यंत्रापासून सुरुवात केली नाही. त्यांनी आधी वॉर्डातल्या परिचारिकांना आणि मदतनिसांना बसवून विचारले: तुमच्या मते पेशंट का पडतात? मिळालेली उत्तरे कुठल्याही वॉर्डातली वाटावीत अशी होती. सिस्टरला ठाऊक असते की या बाईंना दोघांनी धरावे लागते, पण जी मदतनीस त्यांना उठवते तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही. खाटेवरची पाटी सगळ्यांची एकसारखी, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. पाळी बदलताना ‘ओव्हर’ देण्याच्या घाईत ही एक ओळ गळून पडते. आणि पेशंटला, त्याच्या घरच्यांना तर कुणी काही सांगितलेलेच नसते.

यावरून डाइक्स यांच्या गटाने एक साधन बनवले. मोर्सचे सहा प्रश्न तेच, पण प्रत्येक उत्तराला जोडून एकेक कृती, आणि ती कृती चित्रात. काठीने चालतो? मग काठीचे चित्र. आधार लागतो? एका माणसाचा की दोघांचा, तेही चित्रात. सलाईन आहे? मग ‘उठताना स्टँडसाठी मदत मागा’. हा तक्ता त्या एका रुग्णापुरता छापून त्याच्या खाटेपाशी लावायचा. वाचता न येणाऱ्यालाही कळेल असा. २०१० मध्ये चार रुग्णालयांतल्या आठ वॉर्डांचा निष्कर्ष आला: नेहमीच्या वॉर्डांत दर हजार रुग्णदिवसांमागे ४.१८ पडणी, तक्ता असलेल्या वॉर्डांत ३.१५. लाभ सर्वांत ठळक होता तो ६५ वर्षांवरच्यांना. इजा मात्र त्या खेपेला मोजण्याइतक्या घटल्या नव्हत्या.

डाइक्स तिथे थांबल्या नाहीत. तक्ता असूनही जे पडले ते का पडले, हे त्यांनी शोधले. बहुतेकांच्या बाबतीत योजना बरोबर होती, पण रुग्णाने ती पाळली नव्हती. पाळली नव्हती कारण ती त्याची नव्हतीच. सिस्टरने भरली, सिस्टरने लावली. मग पुढच्या खेपेला तक्ता भरण्याची रीतच बदलली. परिचारिका रुग्णाजवळ आणि त्याच्या घरच्यांजवळ उभी राहून, त्यांना विचारत विचारत, त्यांच्यादेखत तो भरू लागली. पेनाने खुणा करता येतील असा प्लास्टिकने मढवलेला तक्ताही चालला. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या शिक्षण-रुग्णालयांच्या १४ विभागांत, ३७ हजारांहून अधिक रुग्णांवर याची परीक्षा झाली. २०२० मधला निकाल: पडणे १५ टक्क्यांनी कमी, आणि इजा करणारे पडणे ३४ टक्क्यांनी कमी. जे काम हजारो घंटांनी झाले नाही ते एका प्लास्टिकच्या तक्त्याने आणि त्याभोवतीच्या काही मिनिटांच्या बोलण्याने झाले.

बोलणे हेच मुख्य औषध असावे, असे ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या एका प्रयोगातूनही दिसते. अ‍ॅन-मरी हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुनर्वसनाच्या आठ विभागांत रुग्णांना एक चित्रफीत दाखवली, एक पुस्तिका दिली, आणि मग एका प्रशिक्षित माणसाने खाटेपाशी बसून प्रत्येकाला विचारले: तुम्ही इथे पडाल असे तुम्हाला वाटते का? कधी? ते टाळायला काय कराल? रुग्णाने जे सांगितले ते वॉर्डातल्या परिचारिकांना कळवले गेले. २०१५ मध्ये छापलेल्या निकालात पडण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी खाली आले होते. ज्यांची समज शाबूत होती अशांना याचा लाभ अधिक, हेही लक्षात ठेवायला हवे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांगून ठेवलेले रात्री दोन वाजता आठवेल ही अपेक्षा रास्त नाही.

पण समज शाबूत असलेली माणसेसुद्धा बेल का दाबत नाहीत? याचे उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही वॉर्डात रात्रभर बसलेल्या माणसाला माहीत असते. आईच्या खाटेशेजारी खाली चटई टाकून लेक झोपलेली असते. ती दिवसभर औषधाच्या दुकानात, पॅथॉलॉजीत, बिलाच्या खिडकीशी धावलेली. आईला लघवीला जायचे असते. ती लेकीकडे बघते, आता कुठे तिचा डोळा लागलाय, कशाला उठवायचं, म्हणते आणि पाय खाली सोडते. सिस्टरला हाक मारायची तर त्या एकट्या, आणि तिकडे कोपऱ्यातला पेशंट सिरियस. वॉर्डबॉय पुरुष, त्याला हे कसे सांगायचे? भांडे घ्यायला लाज वाटते, खाटेवर होत नाही. घरी आयुष्यभर कुणावर ओझे न झालेली माणसे इस्पितळातही ओझे न होण्याच्या धडपडीत पडतात. त्यांना ‘हट्टी’ म्हणून सोडून देणे फार सोपे आहे, आणि अन्यायाचेही.

म्हणून इकडच्या वॉर्डात तो तक्ता लावायचा झाला तर त्यावरची चित्रेही इकडची हवीत. पायांत येणारा लुगड्याचा किंवा धोतराचा सोगा. झिजलेल्या हवाई चपला. उंच लोखंडी खाट आणि तिच्याशी ठेवलेली डुगडुगणारी पायरी. बसून उठताना गुडघ्यांची परीक्षा पाहणारा भारतीय बैठकीचा संडास, आणि त्याच्या दाराची आतली कडी, जी लावली की आत पडलेल्या माणसापर्यंत पोहोचायला दार तोडावे लागते. फिनेलचे पोतेरे फिरल्यावर फरशी सुकेपर्यंतची दहा मिनिटे. यातल्या बऱ्याच गोष्टी पैशांशिवाय बदलतात. कडी न लावता बाहेर कुणीतरी उभे राहणे, हे एवढेसे काम आहे. पण ते कुणाचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

पाश्चात्त्य देशांत नातेवाईक बहुधा भेटीच्या वेळेपुरते येतात. इथे ते चोवीस तास असतात, आणि खरे तर रुग्णाला उठवण्या-बसवण्याचे निम्मे काम तेच करतात. त्यांना ते कुणीही शिकवलेले नसते. माणसाला काखेत हात घालून ओढून उठवायचे नसते. आधी खाटेच्या कडेला बसवायचे, पाय जमिनीला टेकवायचे, दोन-चार मिनिटे थांबायचे, चक्कर येते का विचारायचे, मग उभे करायचे. आणि अशक्त बाजूला आपण उभे राहायचे. दाखल होण्याच्या दिवशी सिस्टरने मुलाला किंवा सुनेला हे एकदा करून दाखवले, आणि ‘रात्री आजी उठल्या तर तुम्हाला हाक मारणार, आणि तुम्ही चिडणार नाही’ एवढे दोघांच्या तोंडून वदवून घेतले, तर तो वॉर्डातल्या मोठ्या सुधारणांपैकी एक ठरेल. पण नातेवाईक हा परिचारिकेचा पर्याय नाही, याचेही भान हवे. नातेवाईक जवळ आहे म्हणून रुग्णाकडे न फिरकणे हा त्या दोघांवरही अन्याय आहे.

परिचारिकेच्या हाती आणखी दोन अशा गोष्टी आहेत ज्या डॉक्टरांच्या राउंडमध्ये सहज निसटतात. पहिली, उभ्याने घेतलेले बीपी. वॉर्डात बीपी बहुधा आडवे असताना घेतले जाते. वृद्ध माणूस उभा राहिला की ते कोसळू शकते: वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ती धोक्याची खूण मानतात. पाच मिनिटे आडवे ठेवून एकदा, उभे करून पहिल्या मिनिटात एकदा, आणि तीन मिनिटांनी एकदा, एवढेच मोजायचे. यंत्र तेच, हात तोच. दुसरी, औषधांची वेळ. लघवीची गोळी संध्याकाळी दिली की रात्रीच्या फेऱ्या ठरलेल्याच. झोपेच्या गोळीबद्दल अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये २०१३ साली तपासले गेले. झोल्पिडेम घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३ टक्के पडले, लिहून दिलेली असूनही न घेतलेल्यांपैकी एक टक्क्याहून कमी. ‘आजोबांना झोप लागत नाही, काहीतरी द्या’ ही मागणी नातेवाइकांची असते, कधी शेजारच्या खाटेची, कधी थकलेल्या रात्रपाळीची. ती पुरवण्याआधी आजोबा का झोपत नाहीत हे कुणीतरी विचारायला हवे.

हे विचारण्याची पद्धत अमेरिकेतल्या डॉक्टर शॅरन इनौये यांनी घालून दिली. रुग्णालयात वृद्ध माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा वागू लागतो, घरातल्या माणसाला ओळखत नाही, नळ्या ओढतो, मध्येच उठून चालू लागतो. याला डिलिरियम म्हणतात. पडण्याचे ते मोठे कारण. येल विद्यापीठाशी जोडलेल्या न्यू हेवनच्या रुग्णालयात इनौये यांनी ८५२ वृद्धांचा अभ्यास केला आणि त्यांतल्या निम्म्यांवर एक साधा कार्यक्रम राबवला. दिवस-वार-ठिकाण सांगत राहायचे, चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी द्यायचे, पाणी पाजायचे, दिवसातून तीनदा चालवायचे, आणि झोपेसाठी गोळीऐवजी गरम दूध, पाठ चोळणे, रात्री कमी आवाज. १९९९ मध्ये छापलेल्या निकालात नेहमीची परिचर्या मिळालेल्यांपैकी १५ टक्क्यांना डिलिरियम झाला होता, कार्यक्रमातल्यांपैकी ९.९ टक्क्यांना. पुढे अशा कार्यक्रमांच्या एकत्रित अभ्यासातून पडण्याचे प्रमाणही ठळकपणे घटलेले दिसले. गरम दूध आणि पाठ चोळणे यांत आपल्याकडच्या घरांना नवे काय? नवे एवढेच की ते इस्पितळाच्या कामात धरले गेले, त्याची वेळ आणि माणूस ठरले, आणि परिणाम मोजला गेला.

आता या विषयातला सर्वांत अवघड पेच. पडू नये म्हणून माणसाला झोपवूनच ठेवले तर? २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने ठरवले की रुग्णालयात पडून झालेल्या इजेच्या उपचाराचे जादा पैसे रुग्णालयाला मिळणार नाहीत. हेतू चांगला होता. पण दबाव खाली झिरपत वॉर्डातल्या परिचारिकेपर्यंत आला, आणि विस्कॉन्सिनमध्ये बार्बरा किंग यांनी परिचारिकांशी बोलून जे मांडले ते काळजी वाढवणारे होते. आपल्या पाळीत कुणी पडू नये या धास्तीने त्या रुग्णांना उठूच देईनाशा झाल्या होत्या. मुळात वृद्ध रुग्ण किती चालत होते? सिंथिया ब्राउन यांनी ४५ वयस्क माजी सैनिकांच्या शरीरावर हालचाल टिपणारी यंत्रे बांधून पाहिले. ही सगळी दाखल होण्याआधी स्वतःच्या पायांनी चालणारी माणसे. २००९ चा तो निष्कर्ष: वेळेपैकी ८३ टक्के वेळ ती खाटेवर आडवी होती. उभे राहणे आणि चालणे मिळून दिवसाला पाऊण तासही नाही.

आडवे राहण्याची किंमत किती, तेही मोजले गेले आहे. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना प्रयोगासाठी दहा दिवस खाटेवर ठेवले, तर त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस झडले. ही निरोगी माणसे होती. ताप आणि जखम असलेल्या, अर्धपोटी राहणाऱ्या आजीचे काय होत असेल याचा अंदाज करता येतो. म्हणजे खाटेवर खिळवून ठेवलेला रुग्ण वॉर्डात पडत नाही, तो घरी गेल्यावर पडतो. वॉर्डाच्या तक्त्यात शून्य दिसते, आणि इजा दुसऱ्या कुठल्यातरी आकड्यात जाते.

कठड्यांचे आणि बांधण्याचेही तसेच. दोन्ही बाजूंचे कठडे वर केले की नातेवाइकांना बरे वाटते. पण भ्रमात असलेला माणूस कठड्यावरून चढून उतरायला बघतो आणि जास्त उंचीवरून पडतो, कधी कठड्यांच्या फटीत अडकतो. हात बांधलेला माणूस आणखी बिथरतो. शुद्धीवर आणताना, स्ट्रेचरवरून नेताना कठडे हवेतच. पण जागत्या, चालत्या माणसाला अडवण्यासाठी ते वापरणे म्हणजे त्याच्या संडासाच्या गरजेला उत्तर न देणे. ती गरज अडवून संपत नाही. तिच्यासाठी आधीच जावे लागते. अमेरिकेत क्रिस्टीन मीड यांच्या गटाने २००६ मध्ये ठरावीक वेळाने फेरी मारण्याचा परिणाम पाहिला. दर तासाला खाटेपाशी जाऊन दुखते का, संडासला जायचे का, कूस बदलायची का, पाणी-चष्मा-बेल हाताशी आहे का, एवढेच विचारायचे. त्या वॉर्डांत पडणे घटले आणि बेल वाजणेही घटले. न बोलावता गेलेली सिस्टर पुढच्या दहा हाका वाचवते.

दर तासाला जायला सिस्टर हवी, हे खरे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. रात्रपाळीतला सरकारी वॉर्ड ज्याने पाहिला आहे त्याला हा निकष आणि वास्तव यांतले अंतर सांगायला नको. एकट्या सिस्टरच्या माथी तीस-चाळीस खाटा असतील तर कोणताही तक्ता तिला दुसरे हात देऊ शकत नाही. परिचर्येची पद्धत सुधारण्याची चर्चा भरतीच्या मागणीची जागा घेऊ लागली तर ती चर्चाच थांबवलेली बरी. पण असलेल्या हातांना कुठे आधी जायचे हे कळले, जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी संडासला नेण्याची एक फेरी मावशींसह ठरून गेली, तर त्याच हातांतून अधिक निभावते, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे ही निकड वाढतच जाणार आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींच्या वर होती. २०५० पर्यंत ती लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाच्या पुढे जातील, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१० पासून जिल्हा रुग्णालयांत दहा खाटांचे वृद्धकक्ष उभारण्याची तरतूद आहे. रुग्णालयांच्या गुणवत्तेचे एनएबीएच मानांकन घेणाऱ्या रुग्णालयाला रुग्ण पडण्याचे प्रमाण मोजावे लागते. मोजण्याची रीतही सोपी: तीस खाटांचा वॉर्ड महिनाभर भरलेला असेल तर ९०० रुग्णदिवस झाले. त्यात तिघे पडले तर दर हजारी ३.३.

हिशेब सोपा आहे, त्यातला ‘तिघे’ हा आकडा मिळणे कठीण. पेशंट पडला की सिस्टरला मेमो मिळतो. मग हळूच उचलून खाटेवर ठेवले जाते, नातेवाइकांना ‘काही झालं नाही’ म्हणून समजावले जाते, आणि नोंद होत नाही. जिथे नोंदच होत नाही तिथे आकडा सुंदर असतो आणि वॉर्ड होता तसाच राहतो. कमी नोंदी असलेला वॉर्ड सुरक्षित समजून त्याचे कौतुक करणाऱ्या मेट्रन आणि अधीक्षकांनी हे आधी समजून घ्यायला हवे. नोंद करणाऱ्या सिस्टरला शिक्षा होणार नाही, ही हमी वरून आली तरच खालून खरे येते.

आणि पडलेल्या माणसाला हळूच उचलणे हीदेखील घातक सवय आहे. आधी त्याला आहे तिथेच ठेवून बघायचे असते. शुद्ध कशी आहे, डोक्याला मार लागला का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, मान दुखते का, एक पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो का. यातले काहीही असेल तर डॉक्टर येईपर्यंत ओढाताण करायची नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेणारा माणूस पडल्यावर तासभर छान बोलत असेल, तरी डोक्यात रक्तस्राव होत असू शकतो, म्हणून पुढचे काही तास त्याच्याकडे पुन्हापुन्हा जावे लागते. मग त्याच पाळीत, सगळ्यांना आठवते आहे तोवर, सिस्टर, मावशी, नातेवाईक आणि शक्य तर खुद्द रुग्ण यांनी मिळून पाच मिनिटे बोलायचे: कशासाठी उठला होता? चपला कुठे होत्या? शेवटची गोळी कोणती, किती वाजता? बेल हाताला लागत होती का?

या पुस्तिकेची प्रकरणे याच प्रश्नांना धरून लावलेली आहेत. म्हणून पहिले प्रकरण गुणपट्टीचे नाही, संडासच्या वेळांचे आहे. दुसरे उभ्याने घेतलेल्या बीपीचे. तिसरे नातेवाइकांसाठी आहे, मोठ्या अक्षरांत आणि चित्रांसह, आणि ते वेगळे काढून वॉर्डात वाटता यावे अशी सोय केली आहे. गुणपट्टी शेवटी दिली आहे, प्रत्येक प्रश्नासमोर ‘मग काय करायचे’ हा रकाना जोडून.